शहराचें गाणें आणि परवान्याचा हिशेब

नभोवाणीवरील गाणें ऐकणाऱ्यास फुकट मिळतें. परंतु तें वाजविणाऱ्यास फुकट पडत नाहीं. हा साधा व्यवहार ध्यानांत घेतल्याखेरीज व्यापारी नभोवाणी-केंद्राचा इतिहास नीट उलगडत नाहीं. बंगळूरच्या 'रेडिओ सिटी' या केंद्राची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. ३ जुलै २००१ रोजीं सुरू झालेलें हें केंद्र भारतांतील पहिलें खासगी एफ्. एम्. केंद्र होय.

एफ्. एम्. या रीतीचें पेटंट अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांनीं १९३३ सालीं मिळविलें. जुन्या रीतींत आवाजाप्रमाणें लहरींचा जोर कमीजास्त होतो. विजेच्या कडकडाटानेंही तोच जोर बदलत असल्यामुळें गाण्यांत खरखर मिसळते. नव्या रीतींत लहरींचा जोर कायम राहतो व त्यांच्या आंदोलनांची संख्या बदलते. म्हणून सूर स्वच्छ ऐकूं येतात. मात्र या कामीं योजलेल्या आखूड लहरी दृष्टीच्या टप्प्याच्या फारशा पलीकडे जात नाहींत. साहजिकच असें केंद्र एका शहराचें व त्याच्या आसपासच्या टापूचें होऊन राहतें, आणि त्या शहरांतील एखाद्या पेढीसही त्यावर जाहिरात देणें परवडतें.

खासगी नभोवाणी हिंदुस्थानास अगदींच नवी नव्हती. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'चें केंद्र सुरू झालें. पण उत्पन्न अपुरें पडून १९३० सालीं ती कंपनी मोडली व ध्वनिक्षेपण सरकारकडे आलें. १९९३ सालीं आकाशवाणीनें आपल्या एफ्. एम्. केंद्रांवरील कांहीं वेळ खासगी संस्थांस विकण्यास आरंभ केला. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर सरकारनें ४० शहरांतील १०८ वाहिन्या लिलावास काढल्या.

खरी अडचण लिलावाच्या अटींत होती. वार्षिक परवाना-शुल्क ठरलेलें असून तें दरसाल शेंकडा १५ टक्के वाढावयाचें होतें. मुंबईचा आंकडा पहिल्या वर्षीं पावणेदहा कोटी रुपयांचा होता. चक्रवाढीनें ही रक्कम पांच वर्षांत दुप्पट होते, आणि दहाव्या वर्षीं साडेतीनपट! मिळकत अशी वाढेल, याची हमी कोण देणार? परिणामीं पहिल्या टप्प्यांत १२ शहरांतील अवघ्या २१ वाहिन्या चालूं शकल्या. २००५ सालीं सरकारनें ही पद्धत सोडून एकरकमी प्रवेश-शुल्क व वार्षिक उत्पन्नाचा ४ टक्के वांटा अशी योजना केली, आणि केंद्रांची संख्या झपाट्यानें वाढली.

या हिशेबाचा गाण्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. शुल्क जबर असलें, कीं एकाही श्रोत्यानें कळ फिरविणें केंद्रास परवडत नाहीं. मग आधींच लोकप्रिय झालेलें चित्रपटगीत पुनःपुन्हा वाजतें; रागदारी, लोकगीत किंवा नवोदिताची रचना यांना जागा उरत नाहीं. त्यांतच खासगी केंद्रांस स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नव्हती. २०११ च्या धोरणानें आकाशवाणीचीं बातमीपत्रें जशींच्या तशीं पुनःक्षेपित करण्यापुरती सवलत दिली. म्हणजे ज्या केंद्राचा आवाज एका शहरापुरताच पोंचतो, त्यालाच त्या शहराचें सुखदुःख बातमीच्या रूपानें सांगण्याची मोकळीक राहिली नाहीं.

'रेडिओ सिटी' टिकली, इतर शहरांत पसरली, आणि २०१५ सालीं तिची मालकी जागरण प्रकाशनाकडे गेली. तिच्या चालकांचें धाडस वाखाणण्याजोगें खरें; परंतु लहरी जर सार्वजनिक आहेत, तर परवाना देतांना केवळ खजिन्याकडे पाहून भागणार नाहीं. श्रोता पैसे देत नसला, तरी निवडीच्या संकोचानें गाण्याची किंमत अखेर तोच चुकती करतो.