ऑपरेशन टाळायचं, पण कधी? हृदयविकाराबद्दलचे सहा गैरसमज

हिवाळा आला की यावल-भुसावळकडे शेताशेतात भरीत पार्ट्या रंगतात. बामणोदची वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, ठेचायची, वर तेलाची सढळ फोडणी आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. रात्री कोणाच्या छातीवर दडपण आलं, घाम फुटला, तर घरचं निदान तयार असतं: "पित्त झालं. सोडा घ्या आणि पडा जरा." पुष्कळदा ते पित्तच असतं. पण ज्या रात्री नसतं, त्या रात्री वाया गेलेले तीन-चार तास पुन्हा मिळत नाहीत.

हृदयविकाराचं नाव निघालं की जळगावात काय, धुळ्यात काय, पहिला प्रश्न ठरलेला: "ऑपरेशन न करता भागेल का?" त्याची उत्तरं दोन आहेत. आजार स्थिर असेल तर पुष्कळांचं भागतं. झटका आलेला असेल तर मात्र आधी दवाखाना गाठायचा, चर्चा नंतर. बहुतेक गैरसमज या दोन परिस्थितींची गल्लत केल्यामुळे होतात.

गैरसमज १ : छातीत जोराची कळ आली तरच हार्ट अटॅक.

वस्तुस्थिती : अनेकांना कळ येतच नाही. छाती आवळल्यासारखी किंवा जड वाटते. दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवतं. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये नुसता दम लागणं, मळमळ, थंड घाम, एकाएकी आलेला थकवा एवढीच लक्षणं असू शकतात. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. सुरुवातीला त्यात बदल न दिसण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टर ईसीजी पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात.

गैरसमज २ : शेतात राबणाऱ्याला हा आजार होत नाही.

वस्तुस्थिती : श्रमाचा फायदा होतोच, पण तो तंबाखूचं नुकसान भरून काढत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात ५२ देशांमधल्या रुग्णांची पाहणी झाली. पहिल्या झटक्याच्या जोखमीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नऊ गोष्टींशी जोडलेला आढळला: धूम्रपान, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षं लवकर येतो, हेही त्याच पाहणीतून दिसलं. बिडी न ओढणाऱ्यांनीही सुटलो असं समजू नये. चुना लावून मळलेली तंबाखू आणि बायका दातांना लावतात ती मिसरी, दोन्हींतून निकोटिन रक्तात जातंच.

गैरसमज ३ : घाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं, मग कितीही खा.

वस्तुस्थिती : कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. प्रश्न किती तेल पोटात जातं याचा आहे. बैठं काम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला चार-पाच चहाचे चमचे तेल पुरतं. शेवभाजीची तर्री आणि तिच्यातली तळलेली शेव मिळून हा हिशेब एकाच जेवणात संपतो. तीच गोष्ट मिठाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात पापड, लोणचं, ठेचा आणि शेवेतलं मीठही आलं. शेवभाजी सोडा असं कोणी म्हणत नाही. ती रोजची नसावी, एवढंच.

गैरसमज ४ : ब्लॉकेज निघालं की स्प्रिंग (स्टेंट) टाकावीच लागते.

वस्तुस्थिती : २००७ चा 'करेज' आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला 'इस्केमिया' हे या विषयावरचे दोन मोठे अभ्यास. 'इस्केमिया'त स्थिर आजाराचे ५,१७९ रुग्ण होते. निम्म्यांवर औषधांसोबत लवकर अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे अँजिओप्लास्टी किंवा बायपास केली; बाकीच्यांवर आधी फक्त औषधोपचार. काही वर्षांनंतर मृत्यू किंवा झटक्यांच्या एकूण प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. ज्यांची छाती वारंवार दुखत होती त्यांना मात्र स्टेंट-बायपासने जास्त आराम मिळाला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदयाची ताकद फार कमी झालेले रुग्ण या अभ्यासात घेतले नव्हते. त्यांच्यासाठी हे निष्कर्ष लागू नाहीत.

म्हणजे बिनऑपरेशनचा उपचार खरोखर आहे, पण तो स्वस्तात सुटणारा नाही. कोलेस्टेरॉल घटवणारी स्टॅटिन, गरजेप्रमाणे ॲस्पिरिन, रक्तदाब आणि साखर ताब्यात, तंबाखू पूर्ण बंद, रोज अर्धा तास चालणं, असा तो नेमाचा उपचार आहे. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नये. गोळीमुळेच ते नॉर्मल आलेलं असतं. स्टेंट बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने थांबवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

गैरसमज ५ : मशीनवर ३५ दिवस झोपलं की ब्लॉकेज विरघळतं.

वस्तुस्थिती : ईईसीपी नावाच्या या उपचारात पायांना गुंडाळलेले पट्टे हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर फुगवतात. साधारण एक-एक तासाच्या ३५ बैठका होतात. ज्यांना अँजिओप्लास्टी वा बायपास करता येत नाही आणि औषधं घेऊनही छाती दुखते, अशा काहींना त्याने आराम पडतो. ब्लॉकेज विरघळतं याला मात्र भक्कम पुरावा नाही. सलाईनमधून औषध देऊन नळ्या 'साफ' करणाऱ्या चिलेशनचा मोठा अभ्यास मधुमेही रुग्णांवर झाला. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्यात फायदा दिसला नाही.

गैरसमज ६ : अटॅक आला की थेट नाशिक-मुंबई गाठावी.

वस्तुस्थिती : जळगावहून नाशिक सुमारे अडीचशे किलोमीटर. तेवढ्या प्रवासात हृदयाचा स्नायू मरत राहतो. झटका स्पष्ट असेल आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं असतं. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा फायदा सर्वाधिक. १२ तासांपर्यंत ते देता येतं. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला असेल किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते टाळतात. म्हणून शिरपूर, साक्री, चोपडा, रावेर, कुठेही असलात तरी आधी ईसीजी निघेल असा जवळचा दवाखाना गाठा. तिथून इंजेक्शन घेऊन पुढे कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात जाता येतं.

खर्चाच्या धास्तीनेही वेळ काढू नका. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या त्याच योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी असू द्या.

छातीत जड वाटून घाम फुटला, तर लसूण-लिंबू, सोडा, जोरजोरात खोकणं यांत वेळ घालवू नका. स्वतः मोटारसायकल चालवत निघू नका. १०८ ला फोन लावा, आणि ॲस्पिरिन चावायची का, हे फोनवरच्या डॉक्टरला विचारा. दवाखान्यात गेल्यावर नुसतं पित्त निघालं, तर फार तर एका ईसीजीचा खर्च गेला असं समजा.