धुराड्याचा जमाखर्च

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक कामगार आला. रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात तो पिंपे रिकामी करण्याचे काम करी. लघवीतून रक्त जाऊ लागले म्हणून तो डॉक्टरांकडे गेला, तेव्हा त्यांनी विचारले, "तू हाताळतोस तो माल कोणता?" त्याने सांगितले, "निळ्या पट्ट्याची पिंपे." याहून अधिक त्याला ठाऊक नव्हते, कारण पिंपांवरच्या चिठ्ठ्या गोदामातच खरवडल्या जात. आम्ही कारखान्याला पत्र धाडले. उत्तर आले की, मालाचे नाव हे धंद्यातील गुपित आहे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण त्या पत्रानंतर शब्दकोश शेजारी ठेवून आम्ही रसायनांचे कायदे वाचू लागलो. त्यात अमेरिकेतला एक कायदा असा आढळला की, कारखान्याने किती विष बाहेर सोडले याचा आकडा त्याला दरवर्षी चारचौघांत जाहीर करावा लागतो.

त्या कायद्याचे मूळ मात्र आपल्या भोपाळात आहे, श्रोतेहो. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि हजारो माणसे मेली. वस्तीला त्या वायूचे नाव ठाऊक नव्हते आणि दवाखान्यातले डॉक्टरही अंधारातच उपचार करीत होते. धावत सुटण्यापेक्षा तोंडावर ओला फडका धरला असता तर कित्येक वाचले असते, असे पुढे सांगण्यात आले. पण हे आधी कोणी सांगितले असते तर!

अमेरिकेत म्हणू लागले की, असले आपल्याकडे घडणार नाही. पुढच्याच ऑगस्टात, 1985 साली, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या इन्स्टिट्यूट नावाच्या गावी (गावाचे नावच तसे आहे) त्याच कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि शंभराहून अधिक माणसे रुग्णालयात गेली. तिथल्या कामगार संघटना माहितीचा हक्क कित्येक वर्षे मागतच होत्या. न्यू जर्सी राज्याने 1983 मध्येच कामगार आणि शेजारी या दोघांनाही तो दिला होता. आता देशभराचा कायदा झाला, ऑक्टोबर 1986 मध्ये.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. सरकारने विषारी रसायनांची यादी केली. आरंभी ती तीनशेंच्या वर होती, आज सुमारे आठशेंची आहे. नेमलेल्या उद्योगांपैकी ज्याच्याकडे दहा किंवा अधिक पूर्ण वेळचे नोकर आहेत आणि जो यादीतले एखादे रसायन वर्षाला 25,000 पौंडांहून, म्हणजे सुमारे अकरा टनांहून अधिक तयार करतो वा मालात घालतो, त्याने दर 1 जुलैला मागील वर्षाचा हिशेब द्यावयाचा. शिशासारख्या साठून राहणाऱ्या विषाला ही सवलत नाही. तेथे 100 पौंडांपासूनच हिशेब. धुराड्यातून किती गेले, झडपा आणि सांध्यांतून किती निसटले, नदीत किती सोडले, जमिनीत किती पुरले आणि दुसऱ्याच्या दारी किती पाठविले, हे प्रत्येक रसायनामागे निराळे लिहावयाचे. हे सारे लोकांना संगणकावर पाहता येईल असे ठेवण्याचे बंधन सरकारवर कायद्यानेच घातले. आणि धंद्यातले गुपित? त्याची सबब सांगता येते, पण ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. आणि रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला रसायनाचे नाव द्यावेच लागते, तातडीच्या प्रसंगी तर तत्काळ. हे कलम वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

आता गंमत पाहा. ही जाहीर नोंद एक पौंडही विष सोडण्यास मनाई करीत नाही. ती फक्त सांगावयास लावते. तरी 1988 साली पहिले आकडे द्यावयाची वेळ आली, तेव्हा मॉन्सँटो कंपनीने आपणहून जाहीर केले की, हवेत जाणारे आपले विष 1992 अखेर नव्वद टक्क्यांनी कमी करू. मालकांपैकी कित्येकांनी स्वतःच्या कारखान्याची अशी बेरीज तोवर मांडलेलीच नव्हती! पहिल्या दहा-अकरा वर्षांत मूळ यादीतल्या रसायनांचे नोंदलेले आकडे जवळजवळ निम्म्यावर आले.

'नोंदलेले' हा शब्द आम्ही जाणून वापरतो. आकडा मालक स्वतःच देतो आणि तो पुष्कळदा मोजलेला नसून अंदाजलेला असतो. हिशेबाची रीत बदलली तरी विष कागदावर घटते. शिवाय एका रसायनाचा पौंड दुसऱ्याच्या पौंडाइतकाच घातक असतो असेही नाही. 2006 साली सरकारने तपशील देण्याची अट सैल केली. 2009 साली कायदेमंडळाने ती पूर्ववत केली. म्हणजे हक्क मिळाला तरी राखण करावीच लागते.

आपल्याकडे काही नाही असे नव्हे. कारखाना कायद्यात 1987 साली 41-ब हे कलम आले. धोक्याच्या प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी, असे त्यात होते. 1993 साली, कारखान्याने पर्यावरणाचे वार्षिक विवरणपत्र सप्टेंबरअखेर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावे, असा नियम झाला. 2017 पासून महाराष्ट्राच्या मंडळाने मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यांना एक ते पाच तारे देण्याची योजनाही काढली. ती चांगलीच, पण तारा पाहून डॉक्टरला औषध ठरविता येत नाही. त्याला नाव हवे असते. आणि विवरणपत्र फायलीत पडलेले असते. ज्याला हवे त्याने अर्ज करावा.

म्हणून आम्ही फाटकापाशी एक वही ठेवली आहे. कोणती पिंपे आली, किती आली, चिठ्ठीवर काय होते, हे पाळी सुटताना कामगार तीत लिहून जातात. गेल्या वर्षी माहितीच्या अधिकाराखाली त्या कारखान्याचे विवरणपत्र मिळविले आणि वहीशी ताडून पाहिले. सत्तेचाळीस पिंपांचा फरक निघाला. दुसरा अर्ज आम्ही केला आहे.