जायंट्स कॉजवेच्या भेगा आणि त्यात अडकलेली नाणी

भारतातून कोणी डब्लिनला आलं की मला हमखास विचारतं, "एकच दिवस मोकळा आहे, काय बघू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: जायंट्स कॉजवे. आयर्लंड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, अँट्रिम परगण्यात, समुद्रात उतरत गेलेले सुमारे ४०,००० दगडी खांब. बहुतेक षट्कोनी. १९८६ पासून हे युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ आहे. माझी पीएचडी खडकांमधल्या भेगांवर आहे, त्यामुळे मी थोडी पक्षपाती आहे हे मान्य!

पण तिथे जाऊन आलेल्या एका मैत्रिणीने परवा फोटो पाठवला. दोन खांबांमधल्या फटीत तिने नवसासारखं एक नाणं ठोकून बसवलं होतं. तिला लिहिलेलं उत्तर लांबत गेलं, म्हणून इथेच लिहिते. आधी भेगा समजून घेऊ, मग नाण्याकडे येऊ.

दंतकथा सांगते की फिन मॅक्कूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला जाण्यासाठी हा रस्ता बांधला. पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर, फिंगल्स केव्हमध्ये, असेच खांब आहेत. लोकांनी दोन्ही टोकं बघून मधला रस्ता कल्पनेने जोडला. गंमत म्हणजे भूगर्भशास्त्रही दोन्ही टोकं जोडतंच. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडत असताना या भागात लाव्हाचे प्रचंड लोट वाहिले, त्यांचाच हा बेसॉल्ट.

आता खांब कसे झाले? मे महिन्यात आटलेल्या तळ्याचा तळ आठवा. चिखल सुकतो, आकसतो, पण खालच्या थराला चिकटलेला असल्याने त्याला मोकळेपणी आकसता येत नाही. ताण वाढतो आणि चिखल फाटतो. लाव्हाचंही तसंच, फक्त इथे पाणी उडून जाण्याऐवजी उष्णता निघून जाते. लाव्हाचा थर वरून आणि खालून थंड होत जातो, तसतशा भेगा पृष्ठभागापासून आत सरकतात. सुरुवातीला त्या वेड्यावाकड्या असतात, एकमेकींना बऱ्याचदा काटकोनात भेटतात. आत जाता जाता त्या एकमेकींशी जुळवून घेतात आणि १२० अंशांच्या कोनात भेटू लागतात. सगळीकडे १२० अंश म्हणजे षट्कोन. निसर्गाकडे कंपास नसतो, त्यामुळे तिथे पाच आणि सात बाजूंचे खांबही भरपूर सापडतात. मोजून बघा, मुलांना मजा येते. लाव्हा सावकाश थंड झाला तर खांब जाड, भराभर झाला तर बारीक.

हे घरी करून बघता येतं. कॉर्नफ्लोअर आणि पाणी समप्रमाणात कालवा, काचेच्या वाडग्यात ओता आणि दिव्याखाली काही दिवस सुकू द्या. मग वडी हलकेच मोडा. आत पेन्सिलीच्या शिशाएवढे किंवा त्याहून थोडे जाड खांब दिसतील. टोरोंटोच्या संशोधकांनी नेमक्या अशाच प्रयोगांतून या खांबांचं गणित उलगडायला मदत केली.

भेग नक्की कधी पडते, लाव्हा लालबुंद असताना की गार झाल्यावर? लिव्हरपूल विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये याचं उत्तर दिलं. २०१० साली ज्याच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसवली, त्या आइसलँडच्या ज्वालामुखीजवळचा बेसॉल्ट त्यांनी घेतला. त्याचा तुकडा दोन्ही टोकांना घट्ट पकडून १००० अंश सेल्सिअसच्या वर तापवला आणि मग थंड होऊ दिला. आकसायला जागा नसल्याने तो तुटला. लाव्हाचा दगड होतो साधारण ९८० अंशांना, आणि भेग पडली ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान. म्हणजे तुम्ही ज्या फटीत बोट घालता, ती दगड अजून धगधगत असताना पडलेली आहे.

आता नाणी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फटींमध्ये शेकडो नाणी दिसली. खोटं कशाला बोलू, माझाही हात खिशाकडे गेला होता. मग नाण्यांखाली दगडावर उतरलेले तपकिरी ओघळ दिसले आणि हात परत आला.

झालंय काय, तर आजची बरीच चिल्लर आतून पोलादाची असते. १, २ आणि ५ युरो सेंटवर तांब्याचा फक्त मुलामा आहे. ब्रिटिश पेनीही १९९२ पासून तशीच. समुद्राच्या खाऱ्या तुषारांत पोलाद गंजतं, आणि गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. ते नाणं मग पाचरीसारखं काम करतं आणि खांबाच्या कडांचे कपचे उडतात. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या पाहणीत हे नुकसान स्पष्ट दिसलं. जागेची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टने २०२५ मध्ये लोकांना नाणी न ठोकण्याची जाहीर विनंती केली. आहेत ती काढायलाच ३०,००० पौंडांहून जास्त खर्च अपेक्षित आहे.

"एका नाण्याने काय होतंय?" असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. पण उडालेला कपचा परत चिकटवता येत नाही, आणि नवा लाव्हा काही आपण मागवू शकत नाही.

जाणार असाल तर दोन गोष्टी. डब्लिनहून जाताना सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही, पण कॉजवे युनायटेड किंग्डममध्ये आहे. फक्त आयर्लंडचा व्हिसा तिथे आपोआप चालत नाही, आधी तपासा. दुसरं, पाण्याजवळचे काळे दगड भयंकर निसरडे असतात, चांगले बूट घाला. पायी जाणाऱ्याला खांबांपर्यंत पोचायला तिकीट लागत नाही, ते व्हिजिटर सेंटरचं असतं.

आणि आयर्लंड लांब पडत असेल, तर अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा. तेच खांब, तेच भौतिकशास्त्र, फक्त आपल्या दख्खनच्या लाव्हाचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. तिथेही भेगेवरून हात फिरवा. नाणं खिशातच राहू द्या.