‘तारा तुटणे’ : प्रयोग आणि शास्त्र

उल्का दिसली म्हणजे मराठीत ‘तारा तुटला’ असे म्हणतात. हा प्रयोग अशास्त्रीय म्हणून त्याज्य मानावा काय? पुष्कळशा उल्कांचे मूळ धूमकेतूत, म्हणजेच लोकभाषेतील शेंडेनक्षत्रात असते. सूर्यासमीप येताच त्यातून धूळ सुटते. तिचे वाळूएवढे कण पृथ्वीच्या वातावरणात अतिवेगाने शिरून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर उजळतात. ऑगस्टमधील ययाती-उल्कावर्षावाची कक्षा १८६२ मध्ये दिसलेल्या स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या कक्षेशी जुळते, हे इटालियन ज्योतिर्विद शियापारेल्ली यांनी १८६६ मध्ये दाखविले. तात्पर्य, तेथे काही तुटलेले असते खरे. मात्र ते ताऱ्यापासून नव्हे, धूमकेतूपासून. प्रयोगातील क्रियापद यथार्थ आहे. चुकला आहे तो केवळ कर्ता. एवढ्यासाठी प्रयोग टाकण्याचे कारण नाही.