पुस्तकांच्या बदल्यात १२ खरबुजं मागणारा लेखक आणि गोड वाइनमध्ये मुरलेलं गारेगार खरबूज!

लेखकाला पुस्तकांचं मानधन पैशांत मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एका जगप्रसिद्ध लेखकाने आपल्या पुस्तकांच्या बदल्यात चक्क खरबुजं मागितली होती. तीही एकदाच नाही, तर दरवर्षी १२ आणि तहहयात!

हे लेखक म्हणजे ‘थ्री मस्केटियर्स’ आणि ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ लिहिणारे अलेक्झांडर द्युमा. १८६४ साली दक्षिण फ्रान्समधल्या काव्हायों या गावाने आपल्या वाचनालयासाठी त्यांच्याकडे पुस्तकं मागितली. द्युमा यांनी पुस्तकं द्यायचं कबूल केलं, पण एक अट घातली. आपण जिवंत आहोत तोवर गावाने दरवर्षी १२ खरबुजं पाठवावीत. गावाच्या नगरपालिकेने तसा रीतसर ठरावच केला. १८७० मध्ये द्युमा यांचं निधन झालं आणि हा गोड करार संपला. हे गृहस्थ खाण्याचे एवढे शौकीन, की त्यांनी स्वयंपाकाचा एक भलामोठा कोशही लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये छापून आला.

आता प्रश्न असा, की या खरबुजात एवढं होतं तरी काय? आणि त्याच भागातली एक गोड वाइन त्यात ओतून, गार करून खायची पद्धत आजही का टिकून आहे? वरवर पाहिलं तर हा पदार्थ फार सोपा आहे. खरबूज कापा, वाइन ओता, फ्रीजमध्ये ठेवा. पण नेमका इथेच घोळ होतो. चुकीची वाइन, जास्त वेळ मुरवणं किंवा अर्धवट पिकलेलं फळ, यातलं एक जरी बिघडलं तरी महागडी बाटली आणि चांगलं फळ दोन्ही वाया जातात.

आधी खरबूज ओळखा

काव्हायों हे गाव प्रोव्हान्स प्रांतात, द्युरांस नदीच्या काठी आहे. तिथे आज जे खरबूज प्रसिद्ध आहे ते ‘शारांते’ प्रकारचं. आकाराने लहान, साधारण एका किलोच्या आसपास. वरून करडं-हिरवट, त्यावर गडद हिरव्या रेघा आणि आत गर्द केशरी गर.

युरोपात खरबुजाला ‘कॅन्टलूप’ म्हणतात, ते नाव रोमजवळच्या कान्तालूपो या ठिकाणावरून आलं आहे. तिथे पोपची जमीन होती. चौदाव्या शतकात काही काळ पोपची गादीच प्रोव्हान्समधल्या आव्हिन्यों शहरात होती आणि त्या संबंधातूनच हे फळ इकडे आलं, असं सांगितलं जातं.

या पदार्थाचा पहिला नियम असा, की कच्च्या खरबुजाला कोणतीही वाइन वाचवू शकत नाही. चांगलं पिकलेलं फळ ओळखायच्या तीन खुणा आहेत. फळ हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागतं. देठाच्या बाजूला नाक नेलं तर गोड वास येतो. आणि देठाभोवती बारीक चीर पडलेली असते, म्हणजे फळ वेलीपासून सुटायच्या बेतात होतं. वास अगदीच येत नसेल तर ते फळ बाजूला ठेवावं. वास फार उग्र, दारूसारखा येत असेल तर ते जास्त पिकलंय असं समजावं.

वाइन गोड राहते कशी?

काव्हायोंहून गाडीने तासाभरात पोहोचता येईल असं ‘बोम द व्हनीज’ नावाचं गाव आहे. तिथे मस्कट जातीच्या बारीक दाण्याच्या द्राक्षांपासून गोड वाइन बनते. या वाइनला फ्रान्स सरकारची भौगोलिक मान्यता १९४५ सालीच मिळाली.

साध्या वाइनमध्ये यीस्ट द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर खाऊन तिचं अल्कोहोल करून टाकतं. त्यामुळे ती वाइन गोड लागत नाही. बोम द व्हनीजला मात्र हे काम मध्येच थांबवतात. रस आंबत असताना त्यात द्राक्षांपासूनच काढलेला तीव्र मद्यार्क थोडा घालतात. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्टचं काम थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. या वाइनमध्ये लिटरला निदान १०० ग्रॅम साखर आणि साधारण १५ टक्के अल्कोहोल असतं. ही युक्ती तेराव्या शतकात माँपेलिए इथले वैद्य आर्नो द व्हिलनव्ह यांनी शोधल्याचं मानलं जातं.

मग साधी वाइन का चालत नाही?

खरबूज जवळपास ९० टक्के पाणी असतं आणि चांगल्या फळात १२ टक्क्यांच्या आसपास साखर असते. म्हणजे फळाची गोडी आणि या वाइनची गोडी एकमेकींच्या जवळ आहेत. त्यामुळे दोन्ही एकत्र आले तरी कुणी कुणावर मात करत नाही.

साधी, न गोड वाइन ओतली की चित्र बदलतं. फळातली साखर हळूहळू वाइनमध्ये उतरते आणि फळ फिकं पडतं. शिवाय गोड घास खाल्ल्यावर तीच वाइन जास्त आंबट आणि तुरट लागते. पेढा खाऊन लगेच चहा प्यायला तर चहा अगोड लागतो ना, तसंच हे.

दुसरं कारण वासाचं. मस्कट द्राक्षांत लिनलूल आणि जिरॅनिऑल नावाची सुगंधी द्रव्यं भरपूर असतात. लिनलूल आपल्या धण्यांतही असतं आणि जिरॅनिऑल गुलाबात. म्हणून या वाइनला फुलांसारखा वास येतो. खरबुजाचा स्वतःचा वास फळासारखा, मधासारखा असतो. दोन वास वेगवेगळे, पण एकमेकांना साजेसे. म्हणून तर ही जोडी जमते!

करायचं कसं?

चार जणांसाठी लागेल ते असं: दोन लहान पिकलेली खरबुजं, २०० मिलिलिटर गोड मस्कट वाइन, पुदिना किंवा तुळशीच्या जातीतल्या बेसिलची चार-पाच पानं आणि चिमूटभर मीठ.

१. खरबुजं न कापता वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून धुवा आणि पुसून कोरडी करा.

२. अख्खी खरबुजं आणि वाइनची बाटली दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. दोन्ही आधीच गार असली की नंतर फार वेळ मुरवत बसावं लागत नाही.

३. खरबुजाचे आडवे दोन भाग करा. चमच्याने बिया काढा. आतल्या वाटीतला रस टाकून देऊ नका, तो गाळून वाइनमध्ये मिसळा.

४. गोल चमचा असेल तर गराचे गोळे काढा, नसेल तर सुरीने तुकडे करा. तळाला थोडा गर राहू द्या, म्हणजे सालीची वाटी मजबूत राहते. वाटी डुगडुगत असेल तर खालून सालीची पातळ चकती कापा.

५. गरावर अगदी चिमूटभर मीठ भुरभुरा. आपण कलिंगडावर मीठ घालतो, त्याच कारणासाठी. मिठाने गोडी उठून दिसते.

६. तुकडे वाटीत परत भरा, प्रत्येक वाटीत ५० मिलिलिटर वाइन ओता, झाकण ठेवून फ्रीजमध्ये ठेवा. झाकण विसरू नका, नाहीतर खरबुजाला कालच्या भाजीचा वास लागेल.

७. अर्ध्या ते एक तासाने बाहेर काढा, हाताने तोडलेली पानं वरून घाला आणि वाढा.

वरून साखर घालायची गरज नाही. फळ थोडं कमी गोड निघालं तरच चमचाभर घाला.

फ्रान्समध्ये हे खरबूज पुष्कळदा जेवणाच्या सुरुवातीलाही खातात. तिथल्या इतर भागांत मस्कटऐवजी पोर्तुगालची पोर्ट वाइन घालायची पद्धतही आहे. तीसुद्धा अशीच मध्येच आंबवणं थांबवून केलेली गोड वाइन असते.

जास्त मुरवलं तर जास्त छान?

लोणच्याच्या बाबतीत हे खरं आहे, खरबुजाच्या बाबतीत नाही!

फळाची प्रत्येक पेशी म्हणजे पाण्याने टम्म फुगलेली पिशवी असते. चावल्यावर जो करकरीत रसाळपणा जाणवतो तो या फुगवट्यामुळे. वाइनमधलं अल्कोहोल या पिशव्यांच्या पातळ पडद्यांना सैल करतं आणि आतला रस बाहेर झिरपतो. वरून जास्त साखर घातली तर ती आणखी पाणी ओढून घेते. कापलेल्या फळांना साखर लावून ठेवली की पातेल्यात पाणी जमतं, तोच प्रकार.

पहिल्या तासात हे आपल्या फायद्याचं असतं. थोडा रस बाहेर येतो, थोडी वाइन आत जाते आणि वाटीच्या तळाशी सुंदर पाक तयार होतो. पण रात्रभर ठेवलं तर गर लिबलिबीत होतो आणि वाइन पाणचट. पीच किंवा नासपतीसारखी घट्ट फळं जास्त वेळ तग धरतात. खरबूज धरत नाही.

किती गार करायचं?

गार म्हणजे बर्फ नव्हे. पदार्थ जितका थंड, तितकी जिभेला त्याची गोडी कमी जाणवते. वितळलेलं आइस्क्रीम गोडमिट्ट लागतं ते यामुळेच. जिभेवरच्या गोडीच्या पेशींमध्ये ‘टीआरपीएम-५’ नावाची एक वाहिनी असते आणि ती उष्णतेने जास्त सक्रिय होते, हे २००५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. शिवाय थंडीत सुगंधी द्रव्यं उडून नाकापर्यंत कमी पोहोचतात.

म्हणून फ्रीझर टाळा आणि वाटी फ्रीजमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात वास मोकळा होतो.

हे दोन गैरसमज आधी डोक्यातून काढा

पहिला गैरसमज म्हणजे, ‘गोड पदार्थच तर आहे, मुलांना चाललं थोडं.’ नाही! हा पदार्थ शिजवला जात नाही, त्यामुळे घातलेलं अल्कोहोल सगळंच्या सगळं त्यात राहतं. ५० मिलिलिटर वाइनमधून साधारण सहा ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, नंतर गाडी चालवणारे आणि औषधं चालू असलेले लोक यांना हा पदार्थ देऊ नये. आणि पाहुण्यांना वाढण्याआधी यात वाइन आहे हे स्पष्ट सांगावं.

दुसरा गैरसमज असा, की ‘वाइन घातली म्हणजे जंतू मेले.’ तेही खोटं. १५ टक्के अल्कोहोल फळाच्या रसात मिसळून आणखी पातळ होतं, त्याने जंतूंचा नायनाट होत नाही. खरबुजात आंबटपणा फारच कमी असतो, त्यामुळे कापल्यावर त्यात जंतू सहज वाढतात. २०११ मध्ये अमेरिकेत लिस्टेरिया जंतूंनी दूषित झालेल्या खरबुजांमुळे ३३ जणांचा जीव गेला होता. जंतू बहुतेकदा सालीवर असतात आणि सुरीबरोबर आत जातात. म्हणून फळ कापण्याआधीच धुवायचं, कापलेलं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचं.

आपल्याकडे हे जमेल का?

उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या बाजारात खरबुजांची रेलचेल असते. जाळीदार सालीचं, केशरी गराचं खरबूज यासाठी उत्तम. कोकणात पावसाळ्याच्या शेवटी येणारा चिबूडही याच फळाचा भाऊबंद, पण तो इतका मऊ आणि भुसभुशीत असतो की वाइनमध्ये त्याचा लगदा होईल. त्याला साखर किंवा गूळच बरा.

वाइनसाठी फ्रान्सच गाठायला हवं असं नाही. नाशिक परिसरात ‘लेट हार्वेस्ट’ प्रकारची गोड वाइन बनते. तिच्यात वरून मद्यार्क घालत नाहीत, तर द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून त्यांची साखर वाढू देतात. मस्कटचा फुलांचा वास तिच्यात नसेल, पण गोडीचा हिशोब जमतो.

आणि वाइन नकोच असेल तर? हिरव्या द्राक्षांचा २०० मिलिलिटर रस घ्या, त्यात अर्धा चमचा भरडलेले धणे घालून एक उकळी काढा, गाळून पूर्ण गार करा. मग चमचाभर लिंबाचा रस आणि दोन थेंब गुलाबपाणी घाला. धण्यांतलं लिनलूल आणि गुलाबातलं जिरॅनिऑल, दोन्ही आपल्या स्वयंपाकघरातच आहेत! ही वाटी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना निर्धास्तपणे देता येईल.

द्युमा यांनी मात्र वाइन नाही, फक्त खरबूजच मागितलं होतं. तेव्हा बाटलीच्या किमतीपेक्षा बाजारात फळाचा वास घ्यायला दोन मिनिटं जास्त द्या. निम्मं काम तिथेच होतं.