जॅझ हाताशी घेताना – भाग 6 : तिसरा स्वर, सातवा स्वर

मागच्या भागात आपण सी पट्टीतला 12 बारांचा ब्लूज बसवला. पहिले 4 बार सी सेव्हन, पुढचे 2 एफ सेव्हन, परत 2 सी सेव्हन, मग 1 जी सेव्हन, 1 एफ सेव्हन आणि शेवटचे 2 सी सेव्हन. प्रत्येक बार 4 मात्रांचा, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन. जॅझवाले अशा एका आवर्तनाला कोरस म्हणतात. पाचव्या बारला एफ येणार हे न मोजता कळू लागलं असेल, तर आता उजव्या हाताकडे वळायला हरकत नाही. कळत नसेल तर हा भाग आठवडाभर बाजूला ठेवा आणि नुसत्या कॉर्डच वाजवत राहा. त्यात गेलेला वेळ वाया जात नाही.

प्रश्न असा की कॉर्ड खाली वाजत असताना वर कुठला स्वर घ्यायचा?

बहुतेक ठिकाणी याचं पहिलं उत्तर मिळतं ते ब्लूज स्केलचं. सीला सा मानलं तर सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प आणि कोमल नि. धानीचे पाच स्वर आणि वर एक तीव्र मध्यम. हे सहा स्वर तिन्ही कॉर्डवर चालून जातात, कुठेही बोट पडलं तरी फारसं खटकत नाही, आणि पहिल्याच दिवशी आपण ब्लूज वाजवतोय असं वाटायला लागतं. तरीही सुरुवात या स्केलने करू नये असं माझं ठाम मत आहे. सगळीकडे तेच सहा स्वर चालत असतील, तर कॉर्ड बदलली हे ऐकण्याची गरजच उरत नाही. मग बोटं वरखाली पळत राहतात आणि कान झोपतो. रागसंगीतावर पोसलेल्या आपल्या कानाला तर ही सोय फारच आवडते, कारण अचल षड्ज आणि ठरलेल्या स्वरांतला विस्तार ही त्याची जुनी सवय. ब्लूजमध्ये मात्र एकाच स्वराचं नातं दर दोन-चार बारांनी बदलतं. म्हणून सरावाला बसताना तानपुऱ्याचं ॲप बंद ठेवा. सतत घुमणारा सा-प एफ सेव्हनला तिचा स्वतःचा रंग दाखवू देत नाही.

आता सी सेव्हन उघडून बघू. तिच्यात चार स्वर आहेत: सी, ई, जी आणि बी फ्लॅट. यांतला पहिला आणि पाचवा, म्हणजे सी आणि जी, बेस वाजवणारा देतच असतो, आणि या दोघांवरून कॉर्ड मेजर की मायनर हे कळतही नाही. ते सांगतो तिसरा स्वर, म्हणजे ई. सातवा स्वर, बी फ्लॅट, कॉर्डला पुढे जायची ओढ देतो. बाकी सगळं काढून टाका आणि हे दोनच स्वर एकत्र दाबा. कॉर्डचा चेहरा ओळखू येतो.

असे दोन-दोन स्वर तिन्ही कॉर्डमधून काढले की जे दिसतं, ते मला आजही सुंदर वाटतं. सी सेव्हनमध्ये ई आणि बी फ्लॅट. एफ सेव्हनकडे जाताना ई अर्धा स्वर उतरून ई फ्लॅट होतो आणि बी फ्लॅट अर्धा स्वर उतरून ए होतो. जी सेव्हनकडे जायचं असेल तर तेच दोघे अर्धा-अर्धा स्वर चढतात. ई चा एफ होतो आणि बी फ्लॅटचा बी. अख्खा ब्लूज या एवढ्याशा हालचालीत उभा आहे. शिवाय जाता जाता दोघे कामं बदलतात. सी सेव्हनमधला तिसरा स्वर सरकून नव्या कॉर्डचा सातवा होतो आणि सातवा सरकून तिसरा.

पेटीवर बघायचं तर सी म्हणजे पांढरी एक. पांढरी तीन आणि काळी पाच ही सी सेव्हनची जोडी, काळी दोन आणि पांढरी सहा ही एफ सेव्हनची, पांढरी चार आणि पांढरी सात ही जी सेव्हनची. पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला असतो, त्यामुळे कॉर्ड आणि सोलो एकत्र जमणार नाही. कॉर्डची दहाएक आवर्तनं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या आणि त्यावर वाजवा.

आपल्या स्वरांच्या भाषेत हीच गोष्ट आणखी जवळची होते. सी सेव्हनवर शुद्ध गंधार, एफ सेव्हनवर कोमल गंधार. दोन्ही गंधार जोग रागातही लागतात, पण तिथे कुठला कुठे येणार हे रागाचं चलन ठरवतं. इथे ते आवर्तनातली जागा ठरवते. पाचव्या बारची पहिली मात्रा आली की गंधार कोमल झालाच पाहिजे, आणि सातव्या बारला परत शुद्ध. हा एक बदल जरी वेळेवर ऐकवता आला, तरी डोळे मिटून ऐकणाऱ्याला कळतं की वाजवणाऱ्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक आहे.

म्हणून पहिले दोन दिवस प्रत्येक कॉर्डवर फक्त तिसरा स्वर वाजवा. लांब, सरळ, पूर्ण बारभर. त्यानंतर फक्त सातवा. मग चौथ्या बारला ई धरून पाचव्याला ई फ्लॅटवर उतरायचं, असे जोड करा. वाजवण्याआधी प्रत्येक स्वर गळ्यातून काढा. गळा चांगला असण्याची गरज नाही, पण जो स्वर गळ्यातून निघत नाही तो कानाने अजून ऐकलेलाच नसतो.

दोन-तीन स्वरांत करण्यासारखं काय आहे, असं वाटत असेल तर ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्राने 1942 साली रेकॉर्ड केलेली ‘सी जॅम ब्लूज’ ऐका. पट्टी आपलीच, सी. तिच्या मूळ धुनेत दोनच स्वर आहेत, जी आणि सी. कॉर्ड बदलल्या तरी धून बदलत नाही. पण सी सेव्हनवर जो सी घरी आल्यासारखा वाटतो, तोच एफ सेव्हनवर कॉर्डचा पाचवा स्वर होतो आणि जी सेव्हनवर चौथा. तिथे तो अडकल्यासारखा, सुटायला बघणारा वाटतो. स्वर एकच, आणि खालची कॉर्ड त्याला तीन वेगळे अर्थ देते. हे स्केल घोकून कळत नाही, ऐकूनच कळतं. त्या रेकॉर्डमध्ये पुढे एकेक वादक सोलो घेतो, आणि प्रत्येक सोलोच्या तोंडाशी साथ 4 बार थांबते. वादक त्या मोकळ्या जागेत एकटा असतो. खाली कॉर्ड नसतानाही त्याच्या वाजवण्यातून लय आणि पट्टी दोन्ही स्पष्ट ऐकू येतात. रे नान्सचं व्हायोलिन आणि बेन वेब्स्टरचा सॅक्सोफोन या दृष्टीने पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखे आहेत.

त्या धुनेत ऐकण्याची दुसरी गोष्ट म्हणजे लय. दोन स्वरांची धून जिवंत राहते ती ते स्वर मात्रेच्या कुठल्या अंगावर पडतात यामुळे. जॅझमध्ये मात्रेचे दोन भाग समान नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड. मेट्रोनोम 60 वर लावा आणि त्याची प्रत्येक टिकटिक ही दुसरी आणि चौथी मात्रा आहे असं धरा. म्हणजे प्रत्यक्ष लय 120 ची होते आणि एक कोरस 24 सेकंदांत पुरा होतो. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय, त्यामुळे सुरुवातीला हे उलटं वाटेल. हात काही वाजवत नसताना, चालता चालतासुद्धा हा सराव करता येतो.

आता स्केल. तिसरा आणि सातवा स्वर ही मुक्कामाची गावं असतील, तर स्केल हा त्यांच्यामधला रस्ता आहे. सी सेव्हनसाठी लागणारी स्केल म्हणजे आपला खमाज थाट, सगळे शुद्ध आणि निषाद कोमल. आता वरच्या सीपासून ही स्केल उतरत वाजवा, एका मात्रेत दोन स्वर या हिशेबाने. पहिल्या मात्रेवर सी पडतो, पण दुसरीवर ए, तिसरीवर एफ आणि चौथीवर डी. हे तिन्ही कॉर्डबाहेरचे. आपल्याला हवे असलेले बी फ्लॅट, जी आणि ई मात्रांच्या मधल्या फटींत पडले. एकही स्वर चुकीचा नसताना वाजवणं बेचव का लागतं, त्याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

कारण सरळ गणिताचं आहे. स्केलमध्ये स्वर सात, आणि 4 मात्रांत जागा आठ. म्हणून बीबॉपच्या वादकांनी आठवा स्वर घातला, सी आणि बी फ्लॅटच्या मधला शुद्ध निषाद. आता उतरा: सी, बी, बी फ्लॅट, ए, जी, एफ, ई, डी, सी. मात्रांवर सी, बी फ्लॅट, जी, ई. कॉर्डचे चारही स्वर बरोबर वजनाच्या जागी आले आणि मधल्या स्वरांनी फक्त वाट दाखवली. खमाज रागात दोन्ही निषाद आहेत, पण आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल अशी वाटणी आहे. इथे उतरताना दोघे एकापाठोपाठ येतात आणि मात्रेवर कोण, मात्रेच्या मध्ये कोण, यावर सगळं ठरतं. एफ आणि जीवर हेच करून बघा. डेट्रॉइटचे पियानोवादक बॅरी हॅरिस (1929–2021) यांनी आयुष्यभर असेच सराव शिकवले. स्केल नुसती पाठ करण्याऐवजी ती मात्रेवर कशी बसते ते शिकवण्याची त्यांची रीत मला सगळ्यांत पटते.

एवढं हाताला आलं की एक धोका उभा राहतो, तो म्हणजे अखंड वाजवत राहण्याचा. त्यावरचा उपाय ब्लूजच्या रचनेतच आहे. ब्लूजचं कडवं तीन ओळींचं, प्रत्येक ओळ 4 बारांची. पहिली ओळ गायची, तीच दुसऱ्यांदा गायची, तिसरीत त्याचं उत्तर द्यायचं. आणि गायक 4 बार भरून गात नाही. साधारण अर्ध्यावर ओळ संपते आणि उरलेली जागा वाद्याची असते. बेसी स्मिथने जानेवारी 1925 मध्ये गायलेलं ‘सेंट लुई ब्लूज’ ऐका. प्रत्येक ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट तिला उत्तर देतो. त्या रेकॉर्डवर साथीला ड्रम नाही, पियानो नाही. फ्रेड लाँगशॉ हार्मोनियम वाजवतो, आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनच्या कुळातलं वाद्य. पेटीवर ब्लूज कसा शोभेल अशी शंका असणाऱ्यांनी तर ही रेकॉर्ड ऐकायलाच हवी. आपला सरावही असाच करा. 2 बार वाजवायचं, 2 बार गप्प बसून कॉर्ड ऐकायच्या. तीच ओळ दुसऱ्यांदा वाजवताना गंधार तेवढा कोमल करायचा, कारण खाली आता एफ आली आहे.

उपज ही काही आकाशातून पडत नाही, हे चार्ली पार्करच्या उदाहरणावरून दिसतं. कॅन्सस सिटीतल्या रीनो क्लबमध्ये 1936 साली हा किशोरवयीन मुलगा जॅम सेशनमध्ये वाट चुकला आणि ड्रमवर असलेल्या जो जोन्सने त्याच्याजवळ झांज फेकून त्याला थांबवलं, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यानंतरचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1937 च्या उन्हाळ्यात तो ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर राहिला, बरोबर काउंट बेसीच्या रेकॉर्डी घेऊन. त्यांतले लेस्टर यंगचे सोलो त्याने कानाने उतरवून घेतले आणि बँडमधल्या पियानोवादकाकडून आणि गिटारवादकाकडून कॉर्ड समजून घेतल्या. कानाने ऐकलेलं वाक्य आणि त्याच्या खालची कॉर्ड, दोन्ही एकत्र.

मुंबईतही वाट याहून वेगळी नव्हती. गोव्यात चर्चच्या संगीतशाळांत स्वरलेखन शिकून आलेले वादक समोरचा कागद सहज वाचत. उपज मात्र त्या कागदात नव्हती. ती रेकॉर्डींतून आणि इथे येणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन वादकांच्या सहवासातून आली. लिऑन ॲबीचा बँड 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजला, नंतर पियानोवादक टेडी वेदरफर्डही तिथे रमला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगच्या वळणावर ट्रम्पेट वाजवत मोठे झाले, आणि सी. रामचंद्रांबरोबर काम करताना ते वळण ‘अलबेला’ (1951) पर्यंत येऊन पोचलं. त्यातला ट्रम्पेट ऐकताना तो गाण्याच्या ओळींमधल्या जागा कशा भरतो, तिकडे या आठवड्यात लक्ष द्या.

रोज अर्धा तास पुरे. त्यातली पहिली दहा मिनिटं फक्त तिसऱ्या आणि सातव्या स्वराला द्या, पुढची दहा आठ स्वरांच्या उतरत्या स्केलला, आणि उरलेली दहा 2 बार बोलणं, 2 बार ऐकणं याला. आठवड्याच्या शेवटी कॉर्ड बंद करून एकटा सोलो रेकॉर्ड करा, एक दिवस जाऊ द्या, मग तो ऐकताना पाचवा आणि नववा बार बोटाने दाखवता येतो का ते बघा. येत नसेल तर स्वर वाढवू नका, कमी करा. पुढच्या भागात नवव्या बारला डी मायनर सेव्हन आणायची आहे, आणि तिच्या सातव्या स्वराला, म्हणजे सीला, दहाव्या बारच्या जी सेव्हनमध्ये अर्धा स्वर उतरून बीवर जायचं आहे. ती जोडी आतापासूनच गळ्यातून काढून ठेवा.