काडीविना पेटणारा झोत

मूलद्रव्यांच्या त्रिकांमुळे आपल्या माजी विद्यार्थ्यांना डोबेरायनर हे नाव परिचित आहे. गाडीवानाच्या या मुलाला शालेय शिक्षण फारसे लाभले नव्हते. जर्मनीतील येना येथे 1823 साली त्याने हायड्रोजनचा बारीक झोत सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला. प्लॅटिनम लालबुंद झाले आणि झोत आपोआप पेटला. घर्षणाने पेटणारी आगकाडी तेव्हा बाजारात यावयाची होती.

प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे रेणू चिकटतात, त्यांचे अणू विलग होतात आणि संयोगातून पाणी बनते. त्यातून उष्णता निर्माण होते. प्लॅटिनम मात्र खर्ची पडत नाही. यालाच उत्प्रेरण म्हणतात.

तथापि झोताची रीतही तितकीच निर्णायक असते. डोबेरायनरने नळीचे तोंड किंचित दूर धरले होते. त्यामुळे वाटेत झोत भोवतालची हवा ओढून घेई. नळी प्लॅटिनमला टेकविल्यास ऑक्सिजन अपुरा पडतो. फार दूर नेल्यास हायड्रोजन विरळ होतो. झोत मंद असल्यास वायूचा पुरवठा तोकडा पडतो. अतिवेगवान असल्यास थंड वायू पृष्ठभागाची उष्णताच वाहून नेतो.

हवेत हायड्रोजन सुमारे 4 टक्क्यांवर गेला की तो पेटू शकतो. 2011 साली फुकुशिमा येथील अणुवीज केंद्रात त्याचेच स्फोट झाले. म्हणून अनेक अणुभट्ट्यांत प्लॅटिनम वा पॅलेडियमचा लेप दिलेले पत्रे बसवितात. ते तापले की हवा वर चढते, खालून नवी येते आणि विजेवाचून हायड्रोजनचे पाणी होत राहते. जो पृष्ठभाग आग लावतो, तोच प्रवाह योग्य राखल्यास आग टाळतो, हे आम्हांला विशेष मोलाचे वाटते.